गव्हावर भाजणी नको

दसरा झाला की आमच्या पुंडलिकनगरात घरोघरी भाजणी भाजायला घेतात. डाळ खमंग झाल्याचा वास जिन्यावर पसरला की शेजारची हमखास विचारते, "यंदा भाजणी कुठं दळायला टाकणार?" मला हसू फुटतं. माझ्या इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीतलं सगळ्यात मोठं यश एका डबाभर भाजणीत मिळालं, हे तिला कसं सांगू? म्हणून इथं लिहिते.

आधी नोकरी काय होती ते सांगते, कारण लोकांचा गोंधळ होतो. मी मानसशास्त्र शिकले म्हटलं की लग्नात भेटलेली माणसंसुद्धा दोन पावलं मागं सरकतात आणि विचारतात, "माझ्या मनात आत्ता काय चाललंय ओळखा बरं." ओळखता येत नाही. जेवणाच्या पंगतीची वाट बघताय, एवढं सांगता येतं.

मी सरकारच्या मानसिक आरोग्य पथकात होते. एक डॉक्टर, एक सिस्टर, मी आणि एक जीप. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात जायचं, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकायच्या आणि येईल त्याला तपासायचं. डॉक्टर गोळ्या देत. माझं काम गोळीनंतर सुरू होई. गोळीनं डोक्यातला गलका थांबतो, पण माणूस राहतो गावात, घरात, गल्लीत. त्याला कामावर कोण घेतं, पारावर त्याच्या शेजारी कोण बसतं, लग्नाचं आवतण त्याच्या घरी जातं की नाही, यावर तो बरा राहणार की परत पडणार हे ठरतं. पुस्तकात याला समुदाय मानसशास्त्र म्हणतात. मी जीपमध्ये सोपं करून सांगायची: पेशंट एक असतो, पण इलाज त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांचा करायचा असतो. आणि त्यांतल्या कुणालाच आपण आजारी आहोत असं वाटत नसतं.

गिऱ्हाइकं एकेक भारी. एक धोतरवाले आजोबा दर खेपेला पहिला नंबर लावून बसत. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांना फक्त ‘मी येडा नाही’ असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. "भावकीत दाखवायचंय," म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, "बाबा, असं लिहून देता येत नाही." त्यावर आजोबा म्हणाले, "म्हंजी तुमालाबी खात्री नाय!"

तर दत्तू. नाव बदललंय, गावाचंही सांगत नाही. देवगाव रंगारीच्या पुढं आत वळलं की लागतं एवढंच समजा. दत्तूची पिठाची गिरणी होती, वडिलांपासूनची. तिशीच्या आतला, उंच, कमी बोलणारा. वडील गेल्यावर त्याला गिरणीच्या घरघरीत माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. आधी नाव घेऊन हाका, मग हुकूम. वर्षभर घरच्यांनी गंडेदोरे केले. शेवटी त्यानं गिरणी बंद केली, दार लावून आत बसला. त्याची आई कौसाबाई त्याला आमच्या व्हरांड्यात घेऊन आली तेव्हा तो कानात कापसाचे बोळे घालून आला होता. गावानं तोवर त्याच्या आजाराला नावही पाडलं होतं: दत्तूचा पट्टा उतरला. गिरणीवाला ना तो.

डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. आवाज विरत गेले. एक दिवस तो आपणहून म्हणाला, "मॅडम, आता गिरणी निस्ती गिरणीवानी वाजती." मला इतका आनंद झाला की मी सिस्टरच्या पाठीत धपका घातला. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, सकाळी गुंगी राहू नये म्हणून. गिरणीच्या पट्ट्याला मी जाळी बसवून घेतली, कारण उघड्या पट्ट्यात पदर अडकेल ही बायांची भीती खरी होती. दत्तूनं दगडांना टाकी लावून धार आणली, गिरणी झाडली, दाराला तोरण बांधलं आणि बसला.

दळण घेऊन कुणीही आलं नाही.

गावातल्या बाया पोरांच्या मोटारसायकलवर डबे बांधून शेजारच्या गावाला दळण पाठवत होत्या. दत्तू रोज गिरणी उघडायचा, मायचे गहू नाहीतर ज्वारी दळायचा आणि बंद करायचा. एक माय आणि एक लेक किती भाकरी खाणार?

पुढच्या खेपेला कौसाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, त्यानं गोळी सोडली."

मी दत्तूला गाठलं. म्हटलं, "काय रे, त्रास होतो का गोळीचा?"

"त्रास न्हाई."

"मग?"

"कशापायी खाऊ? बरा हून करू काय? बसायचंच हाय तर येडा म्हून बसतो. तसं तरी लोक भाकरी आणून देत व्हते."

वर कौसाबाईनं सांगितलं की तिचा भाऊ, चितेगावला कारखान्यात असलेला, दिवाळीनंतर टेम्पो घेऊन येणार आहे. गिरणी उचलून तिकडं बसवणार. म्हणे, इथं गंजण्यापेक्षा तिकडं चालेल. गिरणी गेली की दत्तू परत त्या बंद खोलीत जाणार, हे मला, कौसाबाईला आणि खुद्द दत्तूलाही दिसत होतं. दिवाळी तोंडावर आली होती.

दत्तूकडून दिवाळीपर्यंत गोळी खाण्याचं कबूल करून घेतलं. "दिवाळीपर्यंत मी बघते," असं सांगून बसले खरी, पण काय बघणार ते माहीत नव्हतं. आधी सरपंचांकडं गेले. तरुण, उत्साही माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमी काळजीच करू नका. माझ्यावर सोडा." मी काही सुचवायच्या आत त्यांनी कामाला सुरुवातही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला ऐकू आलं:

"सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, उद्या मोकाट कुत्र्यांना पिसाळू नये म्हणून लस टोचण्यात येणार आहे, तरी आपापली कुत्री बांधून ठेवावीत. तसेच आपल्या गावचा दत्तू आता बरा झालेला असून त्याच्यापासून कुणालाही धोका नाही, तरी बिनधास्त दळण घेऊन यावे."

ज्या दोघी-चौघी चोरून दळण न्यायच्या विचारात होत्या, त्याही घरी बसल्या. धोका नाही असं भोंग्यावरून सांगावं लागतंय म्हणजे असणारच, हे गणित गावाला शिकवावं लागत नाही. सरपंच मला फोनवर म्हणाले, "एकदा अजून लावू का? कुत्र्यांचं वगळून?" मी म्हटलं, "दादा, भोंगा बांधून ठेवा."

पुढचा फेरा लागल्यावर मी व्हरांड्यात न बसता गावात फिरले. ज्या त्या घरी तेच. "लई गरीब पोरगं हो." "देव त्याचं भलं करो." "आमाला काय न्हाई, पर पोरगा तिकडंच जातो ना गाडीवर, त्याच्याबरुबर जातंय दळण." सगळ्या गोड. चहा गोड, बोलणं त्याहून गोड. आमच्या धंद्यात एक गोष्ट कळलेली असते: गाव शिव्या देत असेल तर काम सोपं. गाव गोड बोलायला लागलं की समजावं, दार आतून लावलंय.

मथुराकाकूंचं घर सगळ्यात महत्त्वाचं. सत्तरीच्या, खणखणीत आवाजाच्या, सोवळ्याच्या कडक. त्या जिथं दळण टाकतील तिथं अख्खी गल्ली टाकते. त्यांनी तर मला लाडू दिला आणि म्हणाल्या, "आजारी लेकरू. त्याला काय म्हणावं? आपुन काय बी बोलू न्हाई." बाहेर पडले तेव्हा मी लाडू चावत होते आणि चरफडत होते.

गिरणीला लागून रजियाआपांचं शिलाईचं दुकान. ब्लाऊज, परकर, सलवार, सगळं शिवत. मी तिथं पाणी प्यायला टेकले. मशीन चालवता चालवता त्या म्हणाल्या, "क्या मॅडम, मथुराकाकूनं लाडू दिला ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"दत्तूका नाम निकाला तो लाडूच देती वो. बोलती नै. बोलनेकू मुश्किल है ना, एकादशी मोडी उसकी."

"कुणी मोडली?"

आपांनी मशीन थांबवलं. "लो. तुमकू कोई बोलाच नै? हौ, कोण बोलेगा!"

आणि मग गावात सगळ्यांना माहीत असलेली, पण आमच्या पथकाला कुणीही न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. दत्तू आजारी होता त्या दिवसांतली. एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणी धुऊनपुसून फक्त उपासाचं दळायचं, हा त्याच्या वडिलांपासूनचा नेम. मथुराकाकूंनी त्या दिवशी भगर नि साबुदाण्याचं दळण ठेवलं होतं. इतरांचेही डबे आदल्या दिवसापासून पडलेले. आवाजांनी दत्तूला सांगितलं, सगळं एक कर. त्यानं वरच्या खोक्यात एकामागून एक सगळ्यांचे डबे ओतले. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, आपांचे तांदूळ आणि काकूंची भगर. ते कालवलेलं पीठ परत ज्याच्या त्याच्या डब्यात भरून ठेवलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी भाकरी थापली, अर्धी खाल्ली आणि त्यांना ज्वारीची चव लागली. आयुष्यातली पहिली एकादशी मोडली.

"फिर?" मी विचारलं. आपांशी बोलताना मीही तशीच बोलायला लागते.

"फिर क्या? पोरगं येडं झालं म्हणले सब. येड्याकू कोण जाब विचारता? सब चूप."

मी उठून उभीच राहिले. पाणी सांडलं. महिनोन्‌महिने आम्ही त्या गावाला ‘मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच’ हे तक्ते लावून सांगत होतो आणि गावाची तक्रार आजाराची नव्हतीच. तक्रार पिठाची होती. दळण दिलं तर ते आपलंच परत मिळेल का, एवढाच प्रश्न. आणि दत्तूला माफ केल्यासारखं करून गावानं त्याला हिशेबातून काढलं होतं. शहाण्या गिरणीवाल्यानं असं केलं असतं तर काकूंनी त्याची सात पिढ्यांची उजळणी घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी परत दळण टाकलं असतं. दत्तूशी कुणी भांडलंच नव्हतं. मला पत्ता लागला होता. आता या पोराला कुणीतरी कडकडून शिव्या घालायला हव्या होत्या.

मी तशीच शेजारी गिरणीत गेले. विचारलं, "दत्तू, दळणं कालवली होतीस ते आठवतं?"

तो खाली बघत म्हणाला, "समदं आठवतं. रोज दारावरून जाती काकू, मान खाली घालून. एकदा थोबाडात मारली असती तर बरं झालं असतं."

"मग चल."

"कुठं?"

"मार खायला."

गेलो. काकू ओसरीवर डाळ निवडत होत्या. दत्तू पायरीखालीच उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, तुमची एकादशी मी मोडली."

"जाऊ दे रं. आजारात झालं."

"आजारात झालं. पर हात माझेच व्हते."

काकूंचा हात सुपातच थांबला. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, काकू, बोला, काढा त्याची खरडपट्टी! काकू उठल्या, सूप काखेत मारलं आणि आत निघून गेल्या. दार लोटलं गेलं. दत्तू माझ्याकडं बघायला लागला. परत येताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी दिवाळी उंबऱ्यावर असणार होती, आणि मागून टेम्पो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा गावात शिरताशिरताच आवाज आला. मथुराकाकूंचा. जीप गिरणीसमोर थांबली. काकू कमरेवर भाजणीचा मोठा डबा घेऊन गिरणीच्या दारात उभ्या, मागं गल्लीतल्या बाया, त्यांच्याही कमरेवर डबे, पण पाऊल मागं. बघायला आलेल्या.

"तुझ्या बापानं कधी असं केलं व्हतं का रे? चाळीस वर्सं दळलं त्यानं माझं! भगरीत ज्वारी! आरं, देवाला काय तोंड दाखवू मी? अर्धी भाकर खाल्ली, मुडद्या! अर्धी!"

दत्तू हात बांधून उभा. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतका खूश माणूस शिव्या खाताना मी परत बघितला नाही. मी जीपमधून उडी मारली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सोडवायला जाऊ या का?" मी म्हटलं, "खबरदार!"

काकूंचा दम संपला. त्यांनी डबा गिरणीच्या ओट्यावर आदळला. "हं. ही चकलीची भाजणी. तांदूळ, डाळी, धणे, समदं मीच कालवून आणलंय. आता काय कालवतो कालव!"

मागच्या बाया फस्सकन हसल्या. मी तर टाळी वाजवली. भीती घालवायची तर सगळ्यात छोट्या भीतीपासून सुरुवात करा, हे आम्ही परीक्षेत लिहून पास झालो होतो. अख्ख्या पंचांगात या एकाच दळणात कालवाकालवीची भीती नव्हती, आणि काकूंनी नेमकं तेच आणलं होतं.

दत्तूनं डबा उघडला. भाजणी चिमटीत घेऊन वास घेतला. आणि झाकण परत लावलं.

"आत्ता न्हाई दळायचो."

कौसाबाईनं तोंडावर पदर घेतला. काकू म्हणाल्या, "काय म्हनला?"

"सकाळी मायचे गहू काढलेत. दगडाला गव्हाचं पीठ हाय. गव्हावर भाजणी टाकली तर चकली चिवट व्हती. आधी तांदूळ काढावं लागतील."

काकू त्याच्याकडं बघतच राहिल्या. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच. तो सांगतो का, तेच बघायचं होतं की काय, मला आजही कळलेलं नाही.

"मग कुणाचे तांदूळ हाईत का गं?" काकूंनी मागं वळून विचारलं. बायांच्या डब्यांत भाजणी, नाहीतर बेसनाची डाळ.

शेजारच्या दुकानातून रजियाआपा पिशवी घेऊन बाहेर आल्या. "मेरे पास है. पिठी काढायचीच होती."

काकू घुटमळल्या. आपांनी ते बरोबर हेरलं. "काय काकू? मेरे चावल से तुमारी चकली कलमा पढेगी क्या?"

"पढली तर तुलाच देईन खायला," काकू म्हणाल्या. "टाक गं बाई, टाक. उन्हं वर आली. नखरे नको करू."

आपांचे तांदूळ पडले. मग काकूंची भाजणी. गिरणी घरघरायला लागली आणि मी दत्तूच्या चेहऱ्याकडं टक लावून होते, आवाज ऐकू येतायत का बघत. तो कापडी नळ्याखालचं पीठ चिमटीत चोळून बघत होता. थोडं जाडसर ठेवलं. काकूंनी हात घालून बघितलं, डबा उचलला आणि गेल्या. मग मागच्या बायांनी ढकलाढकली सुरू केली. एकीची डाळ, दुसरीची भाजणी. "माझा डबा आधी व्हता." "व्हय का? डब्याला पाय फुटले व्हते का तुझ्या?" त्या दिवशी व्हरांड्यात पेशंट खोळंबले होते आणि मी गिरणीत उभी राहून भांडणं ऐकत होते. डॉक्टरांनी बोलावणं पाठवलं तेव्हा कुठं हलले.

दिवाळीनंतर दत्तूचा मामा टेम्पो घेऊन आला. कौसाबाईनं मला नंतर हसत हसत सांगितलं. तो सरळ दारातून आत शिरायला लागला तर रांगेतली एक बाई म्हणाली, "ओ पाव्हणं, नंबर लावा." तो म्हणाला, "मी गिरणी न्यायला आलोय." ती म्हणाली, "मग पिशवी कुठाय?" बिचारा बहिणीचा चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

सगळं असं होत नाही, हेही लिहायला हवं. दुसऱ्या एका गावात एक हुशार शिक्षिका होती. गोळ्यांनी बरी झाली, पण तिच्याशी भांडायला आम्हाला कुणी सापडलं नाही. सगळे शेवटपर्यंत गोडच बोलत राहिले. ती माहेरी गेली, तिथून पुढं ठावठिकाणा लागला नाही. तिच्या गावाची खरी तक्रार काय होती ते मी शोधलंच नाही, कारण ते शोधायचं असतं हे मला दत्तूच्या पिठातून कळलं, आणि ते नंतर.

पण दत्तूचं राहिलेलं सांगते. भाजणी दळली म्हणजे विश्वास बसला, असं मी मानत नव्हते. परीक्षा पुढं होती. कार्तिकातल्या एकादशीच्या आदल्या दिवशी आमचा फेरा त्या बाजूला नव्हता, तरी मी जीप वळवून घेतली. गिरणी धुतलेली, दगड पुसलेले, दारात ‘आज फक्त उपासाचे’ अशी खडूनं लिहिलेली पाटी. आणि ओट्यावर मथुराकाकू, मांडीवर भगरीचा डबा. शेजारी आपा, नुसत्या बघायला. बऱ्याच बाया.

काकूंची भगर खोक्यात पडली. गिरणी सुरू झाली. पीठ पडायला लागलं, आणि मधेच खाड्‌कन आवाज होऊन गिरणी बंद पडली.

काकू तटकन उठल्या आणि सवयीनं ओरडल्या, "काय झालं? पट्टा उतरला का रे?"

तोंडातून गेलं आणि मग त्यांना कळलं काय गेलं ते. गावानं त्या शब्दाचं काय केलं होतं ते तिथं प्रत्येकीला माहीत होतं. बाया जमिनीकडं बघायला लागल्या. काकूंनी तोंडाला हात लावला.

दत्तूनं आधी बटण बंद केलं. मग जाळी काढली. वाकून आत बघितलं आणि तिथूनच म्हणाला,

"माझा न्हाई, काकू. गिरणीचा. थांबा, चढवतो."

आधी आपा हसल्या, मग सगळ्या. काकू सगळ्यांत शेवटी हसल्या, पण सगळ्यांत मोठ्यानं. मग डोळे पुसत खेकसल्या, "आन् हात धू आधी मेल्या! उपासाचं हाय!"

दत्तू हात धुवायला गेला.